वाऱ्याच्या बोगद्यातले घराणे

१९५० नंतरची पहिली दोन-तीन वर्षे. बंगळुरूच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकणारा एक मुलगा ‘ओपन डे’च्या दिवशी टाटा इन्स्टिट्यूट बघायला गेला. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला बंगळुरूचे जुने लोक आजही टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. एरोनॉटिक्स विभागाच्या चौकात त्याला एक स्पिटफायर उभे दिसले. महायुद्धात नाव कमावलेले खरेखुरे लढाऊ विमान, हात लावता येईल इतक्या जवळ. मुलाचे तिथेच ठरले. वडीलधाऱ्यांचा सल्ला मात्र वेगळा होता. रेल्वेत जा, नाहीतर बर्मा शेल या तेलकंपनीत चिकट. इंजिनिअर झालेल्या मुलासाठी त्या काळी याहून भक्कम नोकऱ्या नव्हत्या आणि देशात विमानांचा धंदा म्हणावा असा एकच कारखाना होता.

मुलाने ऐकले नाही. १९५३ मध्ये तो त्या विभागात दाखल झाला. त्याचे नाव रोद्दम नरसिंह. प्रवाहांच्या शास्त्रात पुढे जगाने ज्यांना मानले, ते हेच.

भारतात विमानविद्येचे संशोधन म्हटले की लोकांना थुंबा आठवते, सायकलवरून नेलेला रॉकेटचा शंकू आठवतो, अब्दुल कलाम आठवतात. ते ठीकच. पण या विद्येची तालीम जिथे झाली ती जागा समुद्रकिनारी नव्हती. ती होती बंगळुरूच्या एका आवारात, पंख्यांच्या घरघरीत, विमानाच्या प्रतिकृतीवर वारा सोडून पाहण्याच्या लाकडी बोगद्याच्या तोंडाशी. या तालमीचा इतिहास एखाद्या गायकी घराण्यासारखा सांगता येतो. कोण कोणाकडे बसला, कोणी कोणाकडून काय उचलले आणि गावी परत येऊन शिष्य कसे तयार केले, अशा क्रमाने. आणि त्यातला पहिला गंडाबंध शागीर्द मराठी आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही.

विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८ चा, कोल्हापूरकडच्या गडहिंग्लज भागातला. गणिताच्या अंगाने शिकत शिकत हा माणूस जर्मनीत ग्योटिंगनला पोचला आणि १९३६ मध्ये लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट घेऊन परतला. प्रांटल म्हणजे या घराण्याचे मूळपुरुष. १९०४ साली हायडेलबर्गला गणितज्ञांच्या परिषदेत त्यांना बोलायला जेमतेम दहा मिनिटे मिळाली होती. त्या दहा मिनिटांत त्यांनी जे मांडले त्यावर आधुनिक वायुगतिकी उभी आहे.

त्यांचे म्हणणे समजायला घरातला पंखा पुरे. महिनाभर गरगरणाऱ्या पंख्याची पाती पाहावीत तर त्यांवर धुळीचा थर बसलेला असतो. इतक्या वेगाने फिरणाऱ्या पात्यावरची धूळ उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पात्याच्या दृष्टीने ती जवळजवळ उभीच असते. पृष्ठभागाशी हवा थबकलेली, आणि थोडे वर गेले की वाहती. या दोहोंमधल्या पातळ पापुद्र्याला सीमास्तर, म्हणजे बाउंड्री लेयर म्हणतात. विमानाला मागे ओढणारे घर्षण या पापुद्र्यात जन्मते आणि पंखावरचा प्रवाह सुटून विमान कोसळते त्याचेही मूळ इथेच असते. प्रांटलने हा पापुद्रा वेगळा काढून दाखवला आणि गणिताला चाल मिळाली.

घाटगे ग्योटिंगनला होते तो काळ साधा नव्हता. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ पासून तिथल्या विद्यापीठातून माक्स बोर्न, रिचर्ड कुरांट, एमी न्योटर यांच्यासारखे लोक गेले किंवा घालवले गेले. गणिताचे गाव ओस पडत होते, आणि त्याच वेळी नव्या हवाई दलाच्या पैशावर विमानविद्येच्या प्रयोगशाळा फुगत होत्या. एकाच गावात एका विद्येचे दिवाळे आणि दुसरीची दिवाळी. त्या गावात कोल्हापूरकडचा एक तरुण सीमास्तराची समीकरणे सोडवत होता.

पदवी घेऊन तो परत आला तेव्हा भारतात या विद्येला दारच नव्हते. विमान बनवणारा कारखाना नाही, शिकवणारा विभाग नाही. दार उघडले ते दुसऱ्या एका मराठी मुलखातल्या माणसाने. सोलापूरचे वालचंद हिराचंद. जहाजे, साखर, मोटारी, सगळीकडे हात घालणाऱ्या या उद्योजकाने म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केले. घाटगे तिथे रुजू झाले. पण लढाई दाराशी आली होती. १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला, पुढच्या वर्षी तो अमेरिकी हवाई दलाकडे गेला आणि नवे विमान रचण्याऐवजी जखमी विमाने दुरुस्त करण्याचे काम सुरू झाले.

दुरुस्तीला माणसे हवीत, आणि माणसे तयार करायला शाळा हवी. डिसेंबर १९४२ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटमध्ये एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचा विभाग निघाला. संचालक होते जे. सी. घोष आणि विभागाची उभारणी केली घाटगे यांनी. लढाईच्या गरजेतून निघालेला हा विभाग लढाईनंतर बंद पडला असता तर कोणाला नवल वाटले नसते. तशा कितीतरी युद्धकालीन योजना १९४६ मध्ये गुंडाळल्या गेल्या. हा टिकला. याचे श्रेय एका निर्णयाला द्यावे लागते. विभाग पहिल्यापासून पदव्युत्तर ठेवला होता. इंजिनिअर झालेल्या मुलांनाच प्रवेश. स्पॅनर कसा धरायचा हे शिकवण्यात वेळ घालवायचा नव्हता. हवा पंखाला का उचलते आणि पंख कुठे मोडतो, हे शिकवायचे होते.

पदवीचा मात्र घोळ होता. इन्स्टिट्यूट १९०९ पासून चालू असली तरी तिला विद्यापीठाचा दर्जा नव्हता, त्यामुळे पदवी देण्याचा अधिकार नव्हता. शिकणाऱ्याला डिप्लोमा मिळे. संशोधन करणाऱ्याला ‘असोसिएटशिप’ मिळे. नावापुढे पाच अक्षरे लागत, पण लग्नाच्या बाजारात त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत असणार. १९५८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याखाली इन्स्टिट्यूटला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि मग तिथून एम.ई., एम.एस्सी. इंजिनिअरिंग, पीएच.डी. अशा पदव्या निघू लागल्या. तोवर सोळा वर्षे या विभागात संशोधन चालू होते. संशोधन आधी, पदवी मागून.

घाटगे पुढे कारखान्यात परतले. स्वतंत्र भारताला वैमानिक शिकवायला स्वतःचे विमान हवे होते. घाटगे यांच्या हाताखालच्या चमूने दोन आसनांचे एचटी-२ रचले. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते बंगळुरूवरून उडवले. भारतात रचलेले आणि भारतातच बांधलेले पहिले विमान ते हेच. दीडशेहून अधिक एचटी-२ बांधली गेली आणि हवाई दलाच्या कित्येक पिढ्यांनी पहिली गिरकी याच विमानात घेतली. पुढे पुष्पक, कृषक आणि १९६४ मध्ये पहिल्यांदा उडालेले किरण हे जेट, असा घाटगे यांच्या रचनांचा पसारा आहे. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या कसरती ज्यांनी २०११ च्या आधी पाहिल्या, त्यांनी किरणच पाहिले.

इकडे विभागात १९५१ मध्ये दुसरा शागीर्द दाखल झाला. सतीश धवन. श्रीनगरात जन्मलेले, लाहोरात शिकलेले. गणित आणि भौतिकशास्त्रात बी.ए., इंग्रजी साहित्यात एम.ए. आणि वर मेकॅनिकलची बी.ई. असे अजब मिश्रण. मग हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये वर्षभर उमेदवारी, तिथून अमेरिकेत मिनेसोटा आणि शेवटी कॅलिफोर्नियात कॅलटेक. तिथे हान्स लीपमान हे त्यांचे गाईड. लीपमान यांना कॅलटेकला आणले थिओडोर फॉन कार्मन यांनी, आणि कार्मन हे ग्योटिंगनला प्रांटल यांच्याकडेच डॉक्टरेट झालेले. म्हणजे घाटगे जे थेट उगमावरून घेऊन आले, तेच पाणी धवन यांनी कॅलिफोर्नियाचा वळसा घालून आणले. मधल्या काळात या विभागाचे प्रमुखपद ओस्कार टीटयेन्स यांच्याकडे होते. प्रांटलची व्याख्याने पुस्तकरूपाने संपादित करणारे ते हेच गृहस्थ. एका विभागात एकाच घराण्याच्या तीन शाखा. योगायोग म्हणून सोडून देण्याइतके हे सोपे नाही. त्या काळात वायुगतिकी शिकायची तर जगात कुठेही गेले तरी वाट फिरून त्याच उंबऱ्याशी येत होती.

धवन यांचा प्रबंध नावाने रुक्ष आहे: त्वचाघर्षणाची थेट मोजणी. विमानाच्या अंगावरून हवा सरकते तेव्हा ती अंगाला किती घासते, हा प्रश्न. तोवर हे घर्षण आजूबाजूची मोजमापे घेऊन गणिताने काढत. धवन यांनी सपाट पट्टीचा एक छोटा तुकडा कापून मोकळा केला आणि तो भोवतीच्या पृष्ठभागाशी तंतोतंत समतल बसवला. वारा सुटला की हा तुकडा केसभरही नाही इतका ढळतो. तेवढे ढळणे विद्युत यंत्रणेने टिपायचे. ऐकायला सोपे वाटते. तुकड्याभोवतीची फट जरा मोठी झाली तर हवा खाली शिरते, तुकडा किंचित वर राहिला तर वारा त्याच्या कडेवर आदळतो, आणि मग मोजले ते घर्षण नव्हे, आपलाच हलगर्जीपणा. स्वनातीत, म्हणजे आवाजाहून जास्त, वेगाला तर सगळेच दुप्पट नाजूक. ही मोजणी धवन यांनी जमवली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विमानविद्या समितीने ती आपल्या अहवालांत छापली.

हे सविस्तर सांगितले, कारण धवन यांनी बंगळुरूला जे आणले ते नेमके हे होते. संशोधनाचे उपकरण आपण बांधायचे, आपणच त्यावर संशय घ्यायचा आणि मग मोजायला बसायचे. विकत आणायला परकीय चलन नव्हतेच. विभागात त्यांनी स्वनातीत बोगदा उभा केला त्याचा मोजणीचा कप्पा होता एक इंच रुंद आणि तीन इंच उंच. काडेपेटी आत उभी करावी तर गाडी अडेल. पण बोगदा लहान का, याला कारण आहे. वारा दुप्पट वेगाने फेकायचा तर लागणारी शक्ती आठपट होते, आणि कप्पा मोठा केला की ती त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणखी वाढते. ज्या देशात गावोगावी अजून वीज पोचायची होती, तिथे इंचावारीच काम भागवणे भाग होते. दाबलेली हवा टाकीत भरायची, झडप उघडायची, आणि ती फुस्सकन निघून जाईपर्यंतच्या वेळात प्रयोग उरकायचा. त्या चिमुकल्या काचेतून पोरांनी आघाततरंग, म्हणजे शॉक वेव्ह, डोळ्यांनी पाहिले. भारतात ते पहिल्यांदाच दिसत होते.

स्पिटफायर पाहून आलेला मुलगा याच माणसाच्या तालमीत पडला.

नरसिंह यांनी जो प्रश्न घेतला तो उदबत्तीपाशी बसून समजतो. उदबत्तीचा धूर आधी दोऱ्यासारखा सरळ वर जातो आणि वीतभर गेल्यावर अचानक विस्कटतो. सीमास्तरातही हेच घडते. शिस्तीत वाहणारी हवा काही अंतरावर बेशिस्त होते. हा बदल एका रेषेवर होत नाही. पावसाचे पहिले टपोरे थेंब कोरड्या रस्त्यावर पडावेत तसे खळबळीचे ठिपके उमटतात, पसरतात, एकमेकांत मिसळतात, आणि पुढे सगळा रस्ता ओला. हे ठिपके कुठेही उमटू शकतात अशी तोवरची समजूत होती. नरसिंह यांचे म्हणणे पडले की ते पट्टीवरच्या एका अरुंद पट्ट्यातच उमटतात, पुढे फक्त पसरतात. तसे धरून त्यांनी जे साधे सूत्र काढले ते मोजणीशी जुळले. १९५७ मध्ये हे छापून आले तेव्हा नरसिंह चोवीस वर्षांचे होते. पुढच्या वर्षी धवन आणि नरसिंह यांचा जोडलेख ब्रिटनच्या ‘जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स’मध्ये आला. जेट इंजिनाच्या टर्बाइनची पाती रचणारे लोक आजही ते सूत्र वापरतात.

अशा मोजणीला लागणारे हत्यार म्हणजे केसाहून कितीतरी बारीक अशी तार. ती विजेने तापवायची, वाऱ्यात धरायची. वारा जोरात आला की ती निवते, मंद झाला की तापते, आणि त्या चढउतारावरून वेग कळतो. तार धुळीच्या एका कणाने तुटते. मग ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची, पुन्हा तिची पारख करायची, पुन्हा उभे राहायचे. संशोधनाच्या पदवीतला बराच काळ या जोडकामात जातो. प्रबंधात त्याला एक परिच्छेद मिळतो.

नरसिंह पुढे कॅलटेकला गेले, लीपमान यांच्याकडेच. १९६१ मध्ये पीएच.डी. घेतली आणि इन्स्टिट्यूटमध्ये परतले. त्यांच्या पिढीने मोठे काम केले ते हे: पुढच्यांना परदेशी जाण्याची सक्ती राहिली नाही. १९५९ मध्ये राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा निघाली. बंगळुरूला तिचा पहिला मुक्काम म्हैसूरच्या महाराजांच्या राजवाड्यातल्या घोड्यांच्या पागेत होता. १९६७ मध्ये याच प्रयोगशाळेत चार फुटी बोगदा चालू झाला. त्याच्या उभारणीतही धवन होतेच. एका इंचापासून चार फुटांपर्यंत यायला बरीच वर्षे लागली. एसएलव्ही रॉकेटापासून तेजस लढाऊ विमानापर्यंतच्या प्रतिकृतींनी त्या वाऱ्याचा मारा खाल्ला आहे. तेजसची धुरा वाहिलेले कोटा हरिनारायण यांनी एम.ई. बंगळुरूला केली आणि पीएच.डी. पवईच्या आयआयटीत, दोन्ही घरची.

या विभागाच्या वृत्तीचा एक नमुना मुंबईशी जोडलेला आहे, म्हणून सांगण्याजोगा. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. त्या कथेच्या मागेपुढे ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या संस्कृत ग्रंथाचे नाव येते. १९७४ मध्ये इन्स्टिट्यूटच्या पाच संशोधकांनी तो ग्रंथ तपासायला घेतला. चेष्टा केली नाही, भक्तीही केली नाही. भाषा पाहिली, ग्रंथ कोणी कधी सांगितला याचा माग काढला, आणि मग शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर या चारही विमानांच्या आकृत्या वायुगतिकीच्या नियमांना लावून पाहिल्या. निष्कर्ष असा की ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातले एकही विमान उडू शकत नाही. दावा कोणाचाही असो, कसोटी तीच. त्या पाच जणांचा लेख संशोधनाला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात वाचायला द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डिसेंबर १९७१ मध्ये भारताच्या अवकाश कार्यक्रमाचे प्रमुख विक्रम साराभाई गेले तेव्हा धवन इन्स्टिट्यूटचे संचालक होते आणि कॅलटेकला रजेवर गेले होते. त्या कार्यक्रमाची सूत्रे घ्या असा इंदिरा गांधींचा निरोप आला. त्यांनी दोन अटी घातल्या. मुख्यालय बंगळुरूला हवे आणि इन्स्टिट्यूटचे संचालकपद सोडणार नाही. दोन्ही मान्य झाल्या. रॉकेटांची जबाबदारी घेणारा माणूस वर्ग आणि बोगदे सोडायला तयार नव्हता, यातच सगळे आले. निवृत्तीनंतर हे गृहस्थ पक्षी कसे उडतात याच्या मागे लागले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले.

आज या विद्येच्या संशोधनाला बसायचे तर आधी गेट ही परीक्षा द्यावी लागते, मग मुलाखत, मग वर्षभर कोर्सवर्क, मग ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ नावाची अग्निपरीक्षा, आणि त्यानंतर गाईड, प्रयोग आणि धीर यांच्या भरवशावर चार-पाच वर्षे. जानेवारी २०२३ पासून केंद्राची शिष्यवृत्ती पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये आहे. बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये गेलेला रूममेट याहून बराच पुढे असतो. बर्मा शेल गेली, सल्ला तोच राहिला.

घाटगे यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९९१ मध्ये ते वारले. बंगळुरूला कामाला, मुलाबाळांकडे किंवा नुसते हिंडायला जाणारी मराठी माणसे आता काही थोडी नाहीत. लालबाग आणि कब्बन पार्क झाले की एक दुपार काढावी, एचएएलच्या, म्हणजे त्याच हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या आजच्या अवताराच्या, संग्रहालयात जावे आणि तिथे एचटी-२ पाहावे. दोन आसने, एक पंखा. गडहिंग्लजकडच्या माणसाने ग्योटिंगनहून आणलेली विद्या त्यात आहे.